मिनिटाच्या विड्या

विडी घरकुलाच्या वळणावर माझं दुकान, आठ बाय सहाचं.
भिंतीवर अजून एक पिवळी पडलेली पाटी:
'इनकमिंग फ्री'.
कॉलेजची पोरं वाचतात, हसतात.
त्यांना वाटतं, मी विनोद लावलाय.

नरसव्वा मडूर हिशेब विड्यांत करायची.
हजाराला तेव्हा तीसेक रुपये मजुरी,
आणि चादरवाल्या शेठच्या विटेएवढ्या फोनवर
मिनिटाला सोळा.
"म्हंजे पाचशे विड्या," ती म्हणाली.
"वर समोरच्याला ऐकायचेबी पैसे?
मग तो ऐकंल कशाला?"

पुढं दर उतरले.
श्यामला भिवंडीला दिलेली, जावई लूमवर.
मायलेकींनी ठरवून टाकलं:
एक रिंग, पोचले.
दोन, बरं आहे.
तीन, दहाचं टाक, बोलायचंय.
दहाच्या कुपनात बोलायला सात रुपये आणि काही पैसे,
ते 'काही' दर महिन्याला बदलायचे,
मी चष्मा लावून वाचून दाखवायचो.

एकसष्टाव्या सेकंदाला दुसरं मिनिट लागायचं.
नरसव्वाला याचं नवल नव्हतं.
"आमच्या ब्रँचातबी असंच.
चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतेत,
आन् ठेवून घेतेत."
म्हणून ती अठ्ठावन्नला फोन कापायची,
वाक्य अर्धं असलं तरी.
पुढच्या बुधवारी
तिथूनच सुरू.

एकदा रात्री चार रिंगा आल्या.
चारचं काही ठरलेलं नव्हतं.
बॅलन्स शून्य. नरसव्वा रात्रभर विड्या वळत बसली,
आणि मी शटरला किल्ली लावली तेव्हा
पायरीवर होती, बोटांना तंबाखू तसाच.
दहा रुपये मुठीत ओले झालेले.
फोन लागला. तिकडून श्यामला म्हणाली,
"काही नाही गं. मोजायचं चुकलं."
सतरा सेकंद.
कापले मात्र पूर्ण मिनिटाचे.

मग सेकंदाला एक पैसा आला.
एका विडीत सहा सेकंद,
पानाची कड दुमडून दोरा बांधेपर्यंत
तेवढे जातातच.
त्या वर्षी घरकुलात सगळेच बोलले.
व्याह्यांची भांडणं मिटली, नवी लागली,
एकीनं फोनवरून पोराला पूर्ण पुलिहोरा शिकवला,
चिंच भिजण्यापासून.

आता सगळं अमर्याद.
आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा.
नरसव्वानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं,
पंचांगात अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो,
कंपनीचा दरसाल.
"वर्षाचे तेरा झाले की वो.
मजुरी बाराचीच.
आन् न बोलताबी घेलालेत?"
मी म्हणालो, हो. नाही भरलं तर येणारा फोनही बंद.
ती पाटीकडं बघत राहिली.
मी पाटी काढणार होतो, राहून गेलं.

नातवानं तिच्या फोनात पैसे भरायचं ॲप टाकून दिलंय.
तरी ती माझ्याकडंच येते.
माझे दोन-तीन रुपये सुटतात, तिला ठाऊक आहे.

रात्री मी शटर ओढतो तेव्हा तिच्या दारातून दिसतं:
मांडीवर सूप, सुपात पत्ती, तंबाखू,
आणि कडेला उताणा फोन, स्पीकर चालू.
तिकडून लूमची खटखट येते.
इकडून कात्रीची.
दोन-दोन तास कुणीच काही बोलत नाही,
कुणीच कापत नाही.
मधेच श्यामला विचारते, "आहेस?"
"हं."

परवा असंच चालू असताना बारा वाजले
आणि अठ्ठावीस दिवस संपले.
सकाळी ती पायरीवर.
मी रिचार्ज मारला, मेसेज आला,
तिनं तिथंच उभ्यानं फोन लावला,
आणि लूमचा आवाज येताच
एवढंच म्हणाली,
"हं."